न पिळता

आबांनी उकळत्या पातेल्यातून काठीने टॉवेल वर उचलला, रोजच्यासारखा काठीभोवती वेढा दिला आणि पीळ भरला. टॉवेल मधोमध उसवत गेला. आवाज फारसा झालाच नाही. ओला कागद फाटावा तसा तो फाटला आणि अर्धा पुन्हा पाण्यात पडला.

ते थांबले. काठीवरच्या अर्ध्या टॉवेलकडे बघत राहिले. मग वाफेतून डोळे बारीक करून त्यांनी दुसरा उचलला. तो फाटला नाही, पण त्याचा नूर गेला होता. काल हा टॉवेल मांजराच्या पोटासारखा मऊ होता. आता त्याची लव बसली होती, जागोजागी गोळे आले होते, आणि पाण्यावर राखाडी तवंगासारखे काहीतरी तरंगत होते.

“आबा, टॉवेलचं सूप केलंत तुम्ही,” पालथ्या बादलीवर बसलेली त्यांची नात म्हणाली. शाळेला सुट्टी असली की ती दुकानाच्या या मागच्या खोलीत चित्रे काढत बसे.

“तू तुझी चित्रं बघ. आणि आईला हाक मारू नकोस.”

“मी कशाला मारू? ती येतेच आहे.”

पुढच्या दुकानातला कात्रीचा आवाज बंद झाला होता. पडदा सरकवून आबांची लेक आत आली. तिच्या खिशात फणी होती आणि बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस. टॉवेल न्यायला आलेली ती पातेल्याजवळ येऊन उभी राहिली.

“बाबा, उकळले?”

“टॉवेल उकळतातच.”

“हे नाही उकळायचे. हे बांबूचे आहेत.”

“मग तर जास्तच उकळायला हवेत,” आबा म्हणाले. “बांबूच तो.”

ती हसली नाही. तिने आधी शेगडी बंद केली. मग काठी हातात घेऊन एकेक टॉवेल वर काढून पाहिला. पाहता पाहता तिचा चेहरा काही बोलायचे राहून गेल्यासारखा झाला. हे टॉवेल तिने हौसेने आणले होते. जुने सुती टॉवेल धुऊन धुऊन इतके खरखरीत झाले होते, की एक गिऱ्हाईक त्यांना ‘घासणी’ म्हणत असे.

“सोडा घातला होता?”

“घालतो तेवढाच.”

“बरं.” तिने काठी भिंतीला टेकवली. “राहू दे. मी बघते.”

पुढे कुणीतरी खुर्ची सरकवली. ती पडद्याआड गेली. ‘मी बघते’ हे तिचे शब्द मात्र मागेच राहिले. आबांना ते ओळखीचे होते. म्हातारा माणूस दाराच्या कडीशी झटत असला, की जवळून जाणारा असाच म्हणतो आणि कडी काढून देतो.

दुकान आबांचेच. त्यांनी ते एका खुर्चीवर सुरू केले, तेव्हा त्यांच्या कानावर कायम एक फणी अडकवलेली असायची, आणि बरोबरीचे लोक त्यांना ‘फण्या’ म्हणायचे. दाढी हे त्यांचे खरे काम. केस काय, कुणीही कापतो, ते म्हणत. गळ्यावरून वस्तरा फिरवू देतो तो माणूस आपल्याला जीव देऊन बसलेला असतो. मग एका हिवाळ्यात हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळले, मग वस्तऱ्याला. ज्या दिवशी एका मित्राच्या हनुवटीवर बारीक लाल रेघ उमटली, त्या दिवशी त्यांनी वस्तरा पुसला, मिटला आणि लेकीच्या हातात दिला. त्यांना कुणी सांगितले नव्हते. कुणी सांगायची वेळ येऊ दिली नाही, एवढाच त्यांचा मान.

तेव्हापासून टॉवेल त्यांच्याकडे आले. दुकानात सकाळी सगळ्यांच्या आधी ते येत. पातेले चढवत, उकळत, मागच्या अंगणात दोऱ्यांवर वाळत घालत. प्रत्येक टॉवेल दोन टोकांना धरून दोनदा झटकायचा, म्हणजे दबलेली लव उभी राहते, हे त्यांच्या बायकोचे सांगणे. ती असताना धुणे तिचे होते. फळीवर ताजा टॉवेल नेहमी गठ्ठ्याच्या खाली सरकवायचा आणि वापरायला वरचा घ्यायचा, म्हणजे सगळे सारखे झिजतात, हेही तिचेच. त्यांनी यातले काही सोडले नव्हते. हात कितीही थरथरला तरी टॉवेलला जखम होत नाही, असे ते नातीला सांगत. आज तेही खोटे ठरले होते.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाले. लेक पुढच्या दारात उभी राहून फोनवर बोलत होती. पडदा पातळ होता.

“हो, सगळेच. रोजचे. उद्या सकाळी येऊन घेऊन जा, मग ठरवू... नाही, घरी धुणं आता जमत नाही.”

आबा आत अंगणाच्या उंबऱ्यावर बसले होते. नात त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिला रंगाची पेटी पुढे सरकवून दिली.

लेक आत आली ती पाण्याचा ग्लास घेऊन. तो त्यांच्या हातात न देता तिने शेजारी ठेवला. ग्लास हातात दिला की पाणी सांडते, हे तिला ठाऊक होते.

“बाबा, एक धोबी बघितलाय. शेजारच्या खाणावळीचं सगळं कापड तोच नेतो.”

“ऐकलं मी.”

“सकाळी गार पाण्यात हात घालता, ते मला बघवत नाही. उशिरापर्यंत झोपत जा. मग वाटलं तर या, बसा, पेपर वाचा.”

“बाकावर?”

“हो. कुठेही.”

“बाकावर गिऱ्हाईक बसतं,” आबा म्हणाले.

तिने त्यांच्या खांद्यावरचा धागा उचलून टाकला. “आराम करा हो जरा. कुणी नको म्हटलंय का?”

“आराम हे काम असतं, तर मी ते कधीच शिकलो असतो.”

ती पुढे गेली. आबा पाणी प्यायले नाहीत. बराच वेळ त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

“आबा,” नात म्हणाली, “अजून टॉवेल आहेत. कागदातले.”

फळीच्या वरच्या कप्प्यात अर्धा गठ्ठा अजून बांधलेलाच होता. तिने स्टुलावर चढून तो काढला. एका टॉवेलच्या कडेला पांढरी चिठ्ठी शिवलेली होती. तिच्यावर अक्षरे नव्हती, नुसती बारीक चित्रे होती.

“हे बघा. ही बादली आहे आणि तिच्यात हात घातलाय.”

“म्हणजे हाताने धुवा. यंत्रात नको.”

“हा त्रिकोण. त्याच्यावर फुली.”

“ते नाही माहीत.”

“ते मला माहीत आहे. आईच्या काळ्या एप्रनला पण आहे. रंग उडवायचं औषध घालायचं नाही.” ती खुशीत आली. “हा चौकोन. कोपऱ्यात तिरक्या रेघा. पाऊस पडतोय बहुतेक.”

आबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. हात थरथरत असल्याने चित्रे नाचत होती. नातीने त्यांचे मनगट धरले, तशी ती थांबली.

“पाऊस नव्हे. एकाच कोपऱ्यात कसा पडेल पाऊस? ती सावली असेल. सावलीत वाळवा.”

“आणि हे सोप्पं आहे. गोळी. दोन्हीकडून कागद पिळलेली गोळी असते ना, ती. आणि तिच्यावर मोठी फुली. गोळी खायची नाही.”

“टॉवेल धुताना?”

“चिकट होत असेल मग तो.”

आबा त्या चित्राकडे बघत राहिले. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना आवळलेले. असा आकार त्यांच्या हातांनी हजारो वेळा केला होता.

“गोळी नाही गं ती,” ते सावकाश म्हणाले. “तो पिळलेला कपडा आहे. पिळायचे नाहीत म्हणतायत.”

दोघांनी वळून पातेल्याकडे पाहिले. पाणी आता निवले होते.

“म्हणजे चूक उकळण्याची आणि पिळण्याचीही,” नात म्हणाली. “दोन चुका.”

“मोजू नकोस. शाळेतली बाई आहेस का तू माझी?”

“हो,” ती म्हणाली आणि बाह्या वर केल्या. “चला, हे धुऊ. नवे टॉवेल आधी धुवायचे असतात ना? तुम्हीच सांगता.”

“ते का, ते सांग बघू.”

तिला ते आठवले नाही. आबांनी ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवले आणि कोऱ्या टॉवेलवर एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा वरच बसून राहिला.

“बघितलंस? नवा कपडा लाजतो. पाणी घेत नाही. कारखान्यातलं काहीबाही त्याच्या अंगावर असतं. ते धुतलं की मोकळा होतो. आणि साबण थोडा घालायचा, हात आखडून. जास्त साबण धुऊन जात नाही, टॉवेलमध्येच राहतो. मग टॉवेल कडक होतो, आणि लोक म्हणतात, टॉवेल वाईट.”

“आणि ते निळं औषध? वासाचं? आई घरी घालते ते.”

“ते तर मुळीच नको. तुझ्या आजीनं एकदा आणलं होतं. टॉवेल असा मऊ झाला, असा मऊ, की विचारू नकोस. आणि तोंड पुसायला घेतला, तर पाणी इकडून तिकडे सरकायचं नुसतं. आजी म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. बाटली तिनं झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकली. मग थोडं व्हिनेगर घालून धुतले, तेव्हा कुठे ते पाणी प्यायला लागले.”

“आजी रागावली होती?”

“ती टॉवेलवर रागवायची नाही. माणसांसाठी राखून ठेवायची.”

त्यांनी बादलीत गार पाणी घेतले, त्यात किंचित कोमट मिसळले. नातीने टॉवेल बुडवले आणि आबांच्या सांगण्यावरून ते चोळण्याऐवजी वरखाली हलवले. पाण्यात ते जड झाले, लोळागोळा झाले. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढल्यावर तिने एक टॉवेल उचलला, तर त्यातून पाण्याची धार लागली.

“आता हे काढायचं कसं? पिळायचं नाही तर?”

टॉवेलातून पाणी काढणे म्हणजे पिळणे. याशिवाय दुसरे काही असते, हे त्यांच्या हातांना माहीतच नव्हते. त्यांनी अंगणातल्या दोऱ्यांकडे पाहिले. आणि तिथे पाहता पाहता त्यांना त्यांची बायको दिसली, फरशीवर गुडघे टेकून बसलेली. लोकरीचे स्वेटर धुतल्यावर ती ते पिळत नसे. कोरडा टॉवेल अंथरायची, त्यावर ओला स्वेटर पसरायची, दोन्हीची मिळून गुंडाळी करायची आणि तिच्यावर तळहात रोवून अंगाचा भार द्यायची. लेक तेव्हा एवढीशी होती. ती त्या गुंडाळीवर चढून बसायची आणि म्हणायची, मी वजन आहे. ‘बस गं माझे वजने,’ असे म्हणून बायको तिला तशीच बसू द्यायची. आबा वस्तरा धारेला लावत दारातून बघायचे. सगळे उन्हात असायचे.

“आबा?”

“त्या जुन्या घासण्या आण दोन,” ते म्हणाले. “कोरड्या बघून.”

जुना सुती टॉवेल टेबलावर अंथरला. त्यावर बांबूचा ओला टॉवेल पसरला. एका टोकापासून दोघांनी मिळून गुंडाळी केली. आबांचे टोक वाकडे झाले, नातीने ते सरळ केले. मग आबांनी दोन्ही तळहात गुंडाळीवर ठेवले, कोपरे ताठ केली आणि पुढे झुकून भार दिला. जुना टॉवेल हळूहळू गडद होत गेला.

“आबा, हात थांबला,” नात म्हणाली.

“काय?”

“हात. हलत नाहीये.”

त्यांनी खाली पाहिले. दोन्ही हात गुंडाळीवर स्थिर होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्यांनी ते उचलले. बोटे लगेच थरथरू लागली. पुन्हा टेकवले, भार दिला. थांबली.

“परत उचला,” ती म्हणाली.

“खेळ आहे का हा?” असे म्हणत त्यांनी परत उचलले. आणि परत टेकवले. मग एकेक करून सगळे टॉवेल त्यांनी तसेच दाबून काढले. शेवटी शेवटी नात नुसती बघत होती. तिला कामच उरले नव्हते. झटकायला मात्र दोघेही लागले. अंगणात भिंतीच्या सावलीतल्या दोरीवर टॉवेल लागले, एकावर एक न येता, मधून वारा जाईल असे. तोवर संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची ये-जा सुरू झाली होती. लेकीला त्यांनी काही सांगितले नाही, आणि नातीनेही, आश्चर्य म्हणजे, तोंड मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले तेव्हा हवेत गारठा होता. पहिले गिऱ्हाईक म्हणून चौकातला घड्याळे दुरुस्त करणारा म्हातारा आला. आबांचा तो जुना मित्र. आबा त्याला काट्या म्हणत. हनुवटीवर जिथे वस्तरा लागला होता, तिथे त्याचा आता मागमूसही नव्हता. पण त्याने त्या दिवसाची आठवण कधी काढली नव्हती आणि यायचेही थांबवले नव्हते.

“काय रे फण्या, मागे दडून काय बसलास?”

“दडत नाही. काम करतोय.”

“कसलं?”

“तुला काय करायचंय? तू तुझ्या काट्यांकडे बघ.”

“दिसतात कुठे काटे आता,” घड्याळवाला म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. लेकीने त्याच्या अंगावर कापड टाकले, मानेशी गाठ मारली. फेसाचा डबा उघडता उघडता तिने त्याच्या गालावरून बोट फिरवले. गारठ्याने खुंट ताठ झाले होते आणि कातडी ताणलेली होती.

“हळू हं पोरी,” तो म्हणाला. “मागच्या वेळी दिवसभर आग होत होती. तुझा हात चांगला आहे, त्याबद्दल नाही म्हणत. पण तुझा बाप आधी चेहरा भिजवायचा. गरम टॉवेल टाकून गप्प उभा राहायचा. अर्धी दाढी तिथेच व्हायची.”

“काका, आता लोकांना तेवढा वेळ नसतो.” तिने बाकाकडे पाहिले. तिथे एक तरुण शिक्षिका आपल्या मुलाचे केस कापायला घेऊन बसली होती, आणि तिच्या पलीकडे एक टॅक्सीवाला घड्याळ बघत होता.

“मला आहे. माझ्याकडे घड्याळंच घड्याळं आहेत,” तो म्हणाला. टॅक्सीवाला हसला.

पडदा सरकला. आबा बाहेर आले ते दोन्ही हातांवर एक जाड गुंडाळी घेऊन. तिच्यातून वाफ येत होती. मागे नात होती, ओठ घट्ट मिटलेली.

“बाबा, ते गरम आहे,” लेक म्हणाली. “द्या इकडे.”

“जरा सरक.”

ती सरकली, काही विचार करून नव्हे, त्या स्वराला ती लहानपणापासून सरकत आली होती. आबांनी गुंडाळी आरशाखालच्या फळीवर ठेवली, दोन्ही तळहात रोवले आणि भार दिला. मग बाहेरचा जुना टॉवेल उलगडला. आतला बांबूचा टॉवेल निथळून झाला होता. गरम होता, पण त्यातून थेंब गळत नव्हता. त्याची घडी त्यांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिली. थोडे थांबले. पुन्हा टेकवली.

मग टॉवेलचा मधला भाग घड्याळवाल्याच्या हनुवटीखाली गेला. दोन्ही टोके गालांवरून वर आली, डोळ्यांवरून कपाळावर एकमेकांवर बसली, आणि मध्ये नाकापुरती जागा राहिली. टोके वर नेताना आबांचे हात थरथरत होते. टॉवेलही थरथरत होता. लेकीने फेसाचा डबा खाली ठेवला, वेळ पडली तर धरायला म्हणून. पण टोके बसली आणि आबांनी दोन्ही तळहात टॉवेलवरून मित्राच्या गालांवर ठेवले. ठेवले आणि हलका भार दिला.

घड्याळवाल्याने एक लांब श्वास सोडला. कापडाखाली त्याची मुठीत मिटलेली बोटे एकेक करून उघडली.

लेक आरशात बघत होती. आरशात तिच्या बापाचे हात दिसत होते. ती ते हात सकाळपासून रात्रीपर्यंत चहाच्या कपाशी, गुंडीशी, कुलपाशी झटताना बघत आली होती. आता ते तसे नव्हते. तिने आरशातून नजर काढून प्रत्यक्षात पाहिले, आरसा खोटे सांगत असेल तर म्हणून.

“फण्या,” टॉवेलखालून आवाज आला.

“हं.”

“आहेस ना?”

“आहे.”

“नाही, म्हटलं गेलास की काय.”

“तोंड बंद ठेव. वाफ जाते.”

“हे दाढीबरोबरच असतं का?” टॅक्सीवाल्याने बाकावरून विचारले. तो आता घड्याळ बघत नव्हता. “म्हणजे माझं पण होईल?”

लेक काही बोलणार, इतक्यात दार उघडले. खाणावळीच्या कापडाचे मोठे गाठोडे खांद्यावर घेतलेला धोबी आत आला. त्याने दाराशीच गाठोडे टेकवले.

“ताई, काल फोन केला होता. टॉवेल न्यायचे आहेत ना?”

लेकीने त्याच्याकडे पाहिले, मग बापाकडे. आबांनी मान वळवली नव्हती. नात पडद्याला धरून उभी होती आणि आईकडे अशी बघत होती, की लेकीला स्वतःचाच फोनवरचा आवाज ऐकू आल्यासारखे झाले.

“दादा, थांबा जरा,” ती म्हणाली. “मला वाटतं, राहू दे. टॉवेल आमच्या घरीच—”

“ने रे,” आबा म्हणाले.

“बाबा.”

“ने म्हणतो ना. पण ऐक, मी एकदाच सांगणार. उकळायचे नाहीत. गार पाणी, फार तर कोमट. साबण थोडा. वासाचं काही घालायचं नाही. पिळायचे तर अजिबात नाहीत, दाबून पाणी काढायचं. वाळवायचे सावलीत, आणि दोरीवर टाकायच्या आधी दोनदा झटकायचे. ओल राहिली असेल तर घडी करायची नाही, कुबट वास धरतात.”

धोबी त्यांच्याकडे बघतच राहिला. “आजोबा, मी इतकी वर्षं धुतोय.”

“मी पण धूत होतो,” आबा म्हणाले. “चुकीचं धूत होतो, हे काल कळलं.”

नातीला हसू आवरेना. ती आत पळाली आणि काल वापरलेल्या बांबूच्या टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून घेऊन आली. धोब्याने तो घेतला, वरचा टॉवेल बोटांत चाचपला, भुवया उंचावल्या आणि गाठोड्यात न कोंबता वेगळा हातावर धरला.

“जुने आहेत ते पण देऊ?” नातीने आबांना विचारले.

“ते नको. ते खाली अंथरायला लागतील.”

“रोज?”

“आता बघ, हा एक आहे.” त्यांनी हनुवटीने टॅक्सीवाल्याकडे खूण केली. “त्याच्यानंतर कोण येईल कुणाला ठाऊक. पाणी ठेव. उकळी नको, वाफ धरली की पुरे.”

ती आत गेली. किटली भरल्याचा आवाज आला. धोबी गाठोडे उचलून निघून गेला आणि दार आपोआप मिटले. लेक अजून होती तिथेच, हातात फेसाचा ब्रश घेऊन. तिला काहीतरी विचारायचे होते. सकाळी किती वाजता आलात, हे कुणी शिकवले, दुखत नाही ना, असे बरेच काही. तिच्या चेहऱ्यावरून ते एकापाठोपाठ एक सरकत गेले.

“टॉवेल निवत चाललाय,” आबा म्हणाले. “ये.”

त्यांनी कपाळावरची टोके सोडवली, टॉवेल उचलला आणि मित्राच्या लालसर, ओल्या चेहऱ्यापासून बाजूला झाले. खुर्चीशेजारी एक माणूस उभा राहील एवढी जागा त्यांनी लेकीला करून दिली. त्याहून जास्त नाही.